लॅपटॉप द्याल, पण नंबर कुणाचा?

‘बाईजवळ फोन नाही ना? मग केंद्रात लॅपटॉप आहे की! सगळं होतं आता त्याच्यावर.’ हे वाक्य मी जिल्हा पातळीवरच्या बैठकांत ऐकलं आहे, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून मदत देणाऱ्या साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि हल्ली आपल्याच काही संस्थांच्या अहवालांत वाचते आहे. अहवालात ते जरा सुटाबुटात येतं – ‘मोबाईल नसलेल्या महिलांसाठी पर्यायी डिजिटल सुविधा’. अर्थ एकच. नवऱ्याने फोन काढून घेतला, सासूने सिम मोडून टाकलं, मुलाने अभ्यासाच्या नावाखाली फोन स्वतःकडे ठेवला, तर बाईने सवडीने केंद्रात यावं, टेबलाशी बसावं आणि फोनवर होणारी कामं लॅपटॉपवर उरकावीत.

मी या म्हणण्याच्या विरोधात लिहिते आहे. लॅपटॉपच्या विरोधात नाही. समुपदेशन केंद्रात रोज त्याच यंत्रावर मी अर्ज टाइप करते, त्यामुळे त्याचा उपयोग मला कुणी शिकवायला नको. पण फोन हिरावला गेला या अन्यायावर ‘दुसरं यंत्र घ्या’ हे उत्तर असूच शकत नाही. हुंड्यासाठी घराबाहेर काढलेल्या बाईला ‘आधारगृह आहे ना’ म्हणून गप्प करण्यासारखंच आहे ते. आधारगृह हवंच. पण घरावरचा तिचा हक्क त्यामुळे संपत नाही.

आधी ही कल्पना कुठून आली ते बघू. शहरात, चांगल्या पगाराच्या घरांत, मोबाईलला कंटाळलेली माणसं वाढली आहेत. सारखी घंटी, सारखे संदेश, झोप नाही, वाचन नाही. मग त्यांतले काही जण ठरवतात की स्मार्टफोन बाजूला ठेवायचा आणि पत्रव्यवहार, बोलणं, पैशांचे व्यवहार सगळं लॅपटॉपवर, ठरलेल्या वेळी करायचं. उत्तम आहे. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. पण हा माणूस फोन टाकून देत नाही, कपाटात ठेवतो. त्यात त्याचं सिम असतं, ते त्याच्या नावावर असतं, बँकेला आणि आधारला तोच नंबर जोडलेला असतो. ओटीपी आला की कपाट उघडायचं, सहा आकडे बघायचे, कपाट बंद. कपाटातला फोन हाही फोनच असतो! ज्याचा फोन त्याच्या मुठीत आहे त्याने तो खाली ठेवणं वेगळं आणि जिच्या हातातून तो हिसकावला आहे तिने त्याच्याशिवाय चालवणं वेगळं. एकाची विरक्ती दुसरीसाठी योजना म्हणून राबवता येत नाही.

आणि हिसकावण्याचं प्रमाण किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांना विचारलं होतं की तुमच्याकडे तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल आहे का. देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ५४ टक्के. आपण पुढारलेले म्हणवणारे महाराष्ट्रीय त्याच आकड्याच्या आसपास आहोत. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आणि ‘स्वतः वापरते’ म्हणजे काय हेही आपल्याला माहीत आहे. रिचार्ज कुणाच्या पैशाने, सिम कुणाच्या नावावर, कुलूप कुणाच्या बोटाने उघडतं, रात्री तो कुणाच्या उशाशी असतो, हे प्रश्न सर्वेक्षणाच्या रकान्यात मावत नाहीत. आपल्या टेबलासमोर ते रोज येतात.

आता लॅपटॉपने काय होतं आणि काय होत नाही ते सरळ बघू. तक्रारअर्ज लिहिता येतो, छापता येतो. ई-मेल करता येतो. न्यायालयाच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर खटल्याचा क्रमांक टाकून पुढची तारीख बघता येते, तिथे ओटीपी मागत नाहीत. धमकीचे संदेश, मारहाणीचे फोटो, ध्वनिमुद्रणं नवऱ्याच्या हाताबाहेर सुरक्षित ठेवता येतात. परगावच्या बहिणीशी तोंड बघून बोलता येतं. एवढं पुष्कळ आहे, आणि एवढ्यासाठी प्रत्येक केंद्रात चालू स्थितीतला एक लॅपटॉप असायलाच हवा.

पण याच्या पुढे गेलं की प्रत्येक दार एकाच ठिकाणी अडतं – नंबर टाका, ओटीपी टाका. बँकेत तेच, आधारच्या प्रमाणीकरणात तेच, सरकारी पोर्टलवर तेच. यूपीआय सुरू करायचं तर बँकेत नोंदलेलं सिम ज्या फोनमध्ये आहे त्याच फोनवरून संदेश जावा लागतो. साध्या बटणाच्या फोनसाठी *९९# आहे, २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ आहे, पण तेही फोनच. व्हॉट्सॲप लॅपटॉपवर चालतं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ते फोनवरच्या खात्याची सावली असते. खातं उघडायला नंबर हवाच. २०२१ पासून फोन बंद असला तरी जोडलेल्या लॅपटॉपवर ते चालत राहतं खरं, पण मूळ फोन १४ दिवस वापरला गेला नाही की लॅपटॉपवरून तुम्ही आपोआप बाहेर. म्हणजे फोन काढून घेतलेल्या बाईला जास्तीत जास्त दोन आठवड्यांची मुभा!

आणि सगळ्यांत साधी गोष्ट. लॅपटॉपवरून १८१ फिरवता येत नाही. तो पदरात लपत नाही, मोरीत नेता येत नाही, शेतावर नेता येत नाही. दीड-दोन किलोचं ते धूड केंद्रात असतं, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मारहाण घरात होते आणि ती वेळ पाळत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात एका जातपंचायतीने १५ गावांतल्या सुनांना आणि तरुणींना २६ जानेवारीपासून कॅमेऱ्याचा फोन वापरायला बंदी घातली. प्रजासत्ताक दिनाचा मुहूर्त बघा! बोंबाबोंब झाल्यावर ती मागे घेतली. त्याआधी २०१६ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने अविवाहित मुलींना मोबाईल बंद केला होता, २०१९ मध्ये बनासकांठ्यातल्या ठाकोर समाजाच्या पंचांनी तोच कित्ता गिरवला. जालोरच्या फतव्यात शिकणाऱ्या मुलींना एक सवलत होती. त्यांनी अभ्यासापुरता फोन घरात वापरावा, बाहेर मात्र नेऊ नये. म्हणजे पंचांचा राग यंत्रावर नव्हता, ते यंत्र बाईबरोबर चालतं, तिच्याबरोबर उंबरा ओलांडतं यावर होता. एका जागी बसलेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला फोन त्यांना चालत होता. असा फोन म्हणजे लॅपटॉपच की! आपण ‘पर्यायी सुविधा’ म्हणून जे देऊ करतो आहोत ते पंचांना आधीच मंजूर आहे, हे जरा ध्यानात घ्या.

फोनचं काम लॅपटॉपकडून करून घ्यायची युक्ती आपल्याआधी नवऱ्यांनी शोधली. बायको अंघोळीला गेली की तिचा फोन उचलायचा, आपल्या लॅपटॉपवरचा चौकोनी कोड त्याला दाखवायचा, आणि पुढचे कित्येक दिवस तिचं प्रत्येक बोलणं आपल्या टेबलावर बसून वाचायचं. माहेरच्यांशी काय बोलली, मैत्रिणीला काय सांगितलं, आणि आपल्या केंद्राला काय विचारलं तेही. ‘मॅडम, मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी त्याला माझी तुमच्याकडची तारीख कशी कळली?’ असं विचारणाऱ्या बाया आता आमच्याकडे येतात. उत्तर बहुतेक वेळा फोनच्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या यंत्रांच्या यादीत सापडतं. (ही यादी बघायला शिकवणं पहिल्याच भेटीत, चहाच्या आधी व्हायला हवं. मात्र नको असलेलं यंत्र तिथल्या तिथे काढून टाकायची घाई नको. ते काढलं की त्याला कळतं. कधी काढायचं, ते तिच्या घरी परतण्याचा विचार करून तिनेच ठरवावं.)

अशी पाळत हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं ३५४-ड कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ७८ आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं त्यात येतं. कलमात ‘कोणताही पुरुष’ म्हटलं आहे, नवरा वगळलेला नाही. पोलीस ठाण्यात मात्र तो वगळलेलाच असतो. ‘नवराच आहे ना, बघितलं तर काय बिघडलं?’ आणि १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पती-पत्नीच्या दाव्यात एकाने दुसऱ्याचं बोलणं चोरून ध्वनिमुद्रित केलं असलं तरी ते पुरावा म्हणून घेता येईल. प्रकरण बायकोचे फोन टिपणाऱ्या नवऱ्याचं होतं. यावर आपल्यात दोन मतं आहेत. काही वकील मैत्रिणी म्हणतात की चार भिंतींत साक्षीदार नसलेल्या बाईलाही याचा फायदा होईल. तत्त्वतः बरोबर. पण ध्वनिमुद्रणाला फोन लागतो, आणि फोन कुणाच्या हातात आहे त्यावर पुरावा कुणाचा हे ठरणार!

२८ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या दूरसंचार विभागाने संदेशसेवा देणाऱ्या कंपन्यांना निर्देश दिला. ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम यंत्रात असेल तरच सेवा चालावी, आणि संगणकावरचं खातं जास्तीत जास्त सहा तासांनी बंद होऊन पुन्हा फोनने जोडावं लागावं. त्यासाठी ९० दिवसांची मुदत. कारण सायबर फसवणुकीचं दिलं, आणि ते खोटं नाही. सहा तासांची अट पाळत ठेवणाऱ्या नवऱ्यालाही अडचणीची ठरेल, हे मी मान्य करते. पण त्यामागचा विचार बघा. नागरिक म्हणजे सिम, असं राज्यसंस्थेने मनाशी धरलं आहे. सिम असलेला माणूस कोण, ते कुणाच्या ताब्यात आहे, घरात त्यावरून कोणती मारामारी चालते, हा प्रश्न निर्देश लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेला दिसत नाही. तिकडे सरकार सिम घट्ट आवळत आहे, आणि इकडे आपण बाईला म्हणतो आहोत, फोन गेला तर जाऊ दे, लॅपटॉप आहे!

याचं सर्वांत ढळढळीत उदाहरण आपल्याच राज्यातलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली. दरमहा १५०० रुपये, बाईच्या स्वतःच्या खात्यात. निवडणुकीच्या तोंडावर आली वगैरे टीका झाली, ती इथे नको. तिच्या खात्यात थेट पैसे ही गोष्ट चांगलीच होती. पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे शब्द सरकारने स्वतःच लिहिले होते. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. बाईने आपला आधार क्रमांक द्यायचा, आपल्या नंबरवरचा ओटीपी द्यायचा, आणि त्यानंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यायचा आणि त्याच्या फोनवर आलेला ओटीपीही! उत्पन्नाची पडताळणी हवी होती म्हणे. मुदत आधी नोव्हेंबरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. ज्यांचे नवरा आणि वडील हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे त्यांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय नंतर करण्यात आली.

परित्यक्तेचं काय? तिच्याकडे मृत्यूचा दाखला नाही, घटस्फोटाचा हुकूम नाही. नवरा मेला नाही, सुटला नाही, तो फक्त नाही. सरकारच्या यादीत तिचं नाव आहे, सरकारच्या पडद्यावर तिच्यासाठी रकाना नाही. आणि जी नांदते आहे तिला तरी काय? त्या सहा आकड्यांसाठी नवऱ्यापुढे हात पसरायचा. तो सांगेल ते ऐकायचं. ‘केस मागे घे, मग देतो ओटीपी.’ पैसे बाईच्या खात्यात आणि किल्ली पुरुषाच्या खिशात, ही वाटणी आपल्याला नवीन आहे का?

नाही. हीच वाटणी आपण रेशनकार्डावर पाहिली, घराच्या उताऱ्यावर पाहिली, सातबाऱ्यावर पाहिली. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली, तेव्हापासून या बायका सांगत आल्या आहेत की आम्हाला कुणाची तरी बायको म्हणून नका मोजू, माणूस म्हणून मोजा. कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष हे गृहीत मोडायला केवढा काळ लागला! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली वडीलधारी स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात मुलाच्या नावामागे आधी आईचं नाव लावायचा नियम आला. कागदावरून बाप एक पायरी खाली उतरला, आणि पुढच्याच वर्षी तो ओटीपी होऊन परत येऊन बसला. कुटुंबप्रमुख आता कागदावर दिसत नाही. तो फोनमध्ये राहतो.

अशा ई-केवायसीपुढे केंद्रातला लॅपटॉप काय करणार? पोर्टल उघडेल, मोठ्या पडद्यावर स्पष्ट अक्षरांत लिहून दाखवेल – पतीच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका. बस्स.

सरकार बायांना फोन देत नाही असं नाही, देतं. अंगणवाडी सेविकांना दिले होते. पोषण ट्रॅकर २०२१ मध्ये आला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते निकृष्ट फोन सरकारला परत केले. तापायचे, अडकायचे, ॲप इंग्रजीत. बाईच्या हाती फोन द्यायचा तो सरकारचं काम करायला. बाईला सरकारकडून काही हवं असेल तेव्हा मात्र फोन नवऱ्याचा लागतो!

तर मैत्रिणींनो, मागणी लॅपटॉपची नव्हे, नंबरची करू या. बाईच्या कोणत्याही हक्कासाठी नवरा, बाप, भाऊ, मुलगा यांच्या फोनवरचा ओटीपी मागता येणार नाही, हे शासन निर्णयात स्पष्ट शब्दांत यायला हवं. उत्पन्न तपासायचं असेल तर सरकारने आपल्या दफ्तरात तपासावं, बाईला नवऱ्याच्या दारात उभं करून नव्हे. प्रत्येक योजनेत फोनशिवायची वाट हवी. ‘बोटाचा ठसा आहे ना’ असं कुणी म्हणेल, पण ऊसतोड करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत हे सेतू केंद्रात कुणालाही विचारा. म्हणून कागद हवा, बाईचं स्वतःचं प्रतिज्ञापन हवं, आणि ते घेतल्याची पोच हवी. परित्यक्तेचं प्रतिज्ञापन हाच तिचा पुरावा मानला पाहिजे.

आपल्या हातातलंही काही आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. नात्यामुळे जी साधनं-सोयी वापरायचा बाईला हक्क आहे त्यांपासून तिला तोडणं त्यात बसतं. फोन काढून घेणं याच कलमाखाली डीआयआरमध्ये लिहायला हवं. ‘इतर छळ’ या ओळीत एका शब्दात नव्हे, तर तारीख, फोन, सिम, त्या नंबरला जोडलेली बँक आणि त्यामुळे अडलेली कामं अशा तपशिलाने. कलम १९(८) खाली स्त्रीधनाबरोबर तिच्या हक्काची इतर मालमत्ता परत मागता येते, तिथे मंगळसूत्राच्या ओळीखाली फोन आणि सिमही मागावं. सिम त्याच्या नावावर असेल तर तिच्या नावावर नवं घ्यावं. आधारचा नंबर बदलायला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही, आधार केंद्रात स्वतः जाऊन ठसे देऊन तो बदलता येतो. एक दुपार जाते. ती दुपार आपण तिच्याबरोबर घालवली तर वर्षभर लॅपटॉपवर तिची कामं करून देण्यापेक्षा जास्त उपयोगाचं होईल. साधा बटणाचा फोन पुरतो, ओटीपीला कॅमेरा लागत नाही.

केंद्रातल्या लॅपटॉपविषयीही काही नियम हवेत. काही ठिकाणी मी पाहते, कार्यकर्तीच बाईचं खातं उघडते, पासवर्डही तीच ठरवते आणि वहीत लिहून ठेवते. सोयीचं आहे, पण मग नवऱ्याच्या जागी आपण बसलो! पासवर्ड तिचा, तिने ठरवलेला, तिच्या डोक्यात. काम झालं की खातं बंद करणं तिला शिकवायचं, मग दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

आणि बैठकांची निमंत्रणं. पाच-सात वर्षांत मोर्चा असो की अभ्यासवर्ग, निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला की आपलं काम संपलं, अशी रीत पडली आहे. जिच्याकडे फोन नाही तिला निरोप नाही, आणि नवऱ्याच्या फोनवर निरोप आला तर तिला घराबाहेर पडणं नाही. पूर्वी वस्तीत कुणीतरी चालत जायची, दार वाजवायची, पाणी प्यायची. ते चालणं बंद झालं आणि उपस्थिती घटली म्हणून आपण चिंतन शिबिरं भरवतो आहोत.

पुढच्या अंकापर्यंत एक करता येईल. प्रत्येक केंद्राच्या नोंदवहीत ‘फोन नंबर’ असा एकच रकाना असतो. त्याच्यापुढे चार रकाने वाढवा – सिम कुणाच्या नावावर, फोन कुणाच्या हातात, आधार आणि बँकेला कोणता नंबर जोडला आहे, आणि तिला फोन करायची सुरक्षित वेळ कोणती. तीन महिन्यांच्या नोंदी नावं वगळून त्रैमासिकाकडे पाठवा. महिला व बालविकास खात्यापुढे जाताना त्या नोंदी हातात असल्या पाहिजेत.